दुसरं नाव

परीक्षेच्या हॉलमध्ये लाकडाचे आवाज फार होतात. बाक सरकतात, पट्ट्या पडतात, कुणीतरी पुरवणी मागायला घाईत उठतं आणि गुडघा आपटून घेतं. एप्रिलच्या त्या तीन तासांत मी सुपरवायझर म्हणून बाकांच्या मधून फिरत असतो, आणि असा आवाज झाला की माझे खांदे आपोआप कानांपर्यंत वर जातात. मुलांना वाटतं, सर कडक आहेत. कडक वगैरे काही नाही. लाकूड हाडावर बसलं की कसा आवाज होतो, ते मी एका एप्रिलमध्ये ऐकलं. तेव्हापासून माझ्या एप्रिलला आंब्यांचा वास येत नाही. पेट्रोलचा येतो.

आम्ही तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, इंग्रजी विषय घेऊन. त्या काळात पुण्यात बी.ए. करणाऱ्या मुलाकडे लोक आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. चौकाचौकात कॉम्प्युटर क्लासचे फलक लागले होते. हिंजवडीत उसाच्या फडाशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली माणसं गोळा करत फिरायच्या. सगळं जग पुण्यात येत होतं आणि पुण्याला त्याचं कौतुक होतं. परदेशी बँका आल्या, परदेशी गाड्या आल्या, परदेशी बर्गर आला. गॉडफ्रेही त्याच सुमारास आला. फक्त, ‘याला कुणी बोलावलं होतं?’ असं शहराचं मत होतं.

गॉडफ्रे टांझानियाचा. एका मोठ्या तळ्याकाठच्या गावचा. वडील शाळामास्तर, आणि यालाही मास्तरच व्हायचं होतं. आपल्याकडची फी परवडते आणि शिक्षण इंग्रजीत, एवढ्या दोन गोष्टींवर तो इथे आला होता. उंच इतका की दारातून आत येताना सवयीने मान खाली घालायचा. पुढे पुढे जिथे दार नसायचं तिथेही तो मान खाली घालून चालायला लागला. हसताना आवाज करायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

आम्ही ज्या मेसमध्ये जेवायचो तिथल्या काकूंना ‘गॉडफ्रे’ म्हणता येईना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी सरळ त्याचं ‘गोडबोले’ करून टाकलं.

“अहो गोडबोले, पोळी वाढू का?”

“वाढा काकू. पण तूप नको.”

आख्खी मेस हसायची. तोही हसायचा. मराठी तो तिथेच शिकला, आमटीच्या वाटीवर आणि काकूंच्या टोमण्यांवर. एकदा मला म्हणाला, “या शहरात मला प्रेमाने हाक मारणारी ही एकच बाई आहे, आणि तीही दुसऱ्याच माणसाला हाक मारते.” आमचं आपसातलं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहितोय, पण तो बोलायचाच असं, हळू आणि मोजकं.

आम्हाला एक जाडजूड कादंबरी होती. दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्रजी, जगभर ‘थोर’ मानलेली. एका बंदरगावातल्या व्यापारी घराण्याची गोष्ट. चारशे पानं, लग्नं, इस्टेटी, पत्रं, आणि त्या सगळ्यांना नदीपार नेणारा एक काळा नावाडी. शेवटाकडे मालकाचं घड्याळ हरवतं. नावाड्याला धक्क्यावरच्या खांबाला बांधून भर गर्दीत एक मुकादम फटके मारतो. घड्याळ नंतर मालकाच्याच कोटाच्या अस्तरात सापडतं. फटक्यांना लेखकाने अर्धं पान दिलंय आणि त्या संध्याकाळच्या सूर्यास्ताला दोन पानं.

सरांनी तो भाग वर्गात वाचला आणि पुस्तक मिटून म्हणाले, “बघा, त्या काळातसुद्धा लेखकाच्या मनात केवढी करुणा आहे. वंशद्वेषावर इतकं मोठं भाष्य इतक्या कमी शब्दांत. हे लिहून घ्या.” आम्ही लिहून घेतलं.

गॉडफ्रेने हात वर केला. “सर, त्याचं नाव काय?”

“कुणाचं?”

“नावाड्याचं. मी दोनदा वाचलं. मला सापडलं नाही.”

सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. चांगले वाचणारे, गाणं ऐकणारे, साठीला टेकलेले गृहस्थ. म्हणाले, “नाव महत्त्वाचं नाही रे. ते एक प्रतीक आहे. आणि एक लक्षात ठेवा, हा त्यांच्याकडचा प्रश्न. आपल्याकडे वर्ण म्हणजे काही असं कातडीवर नसतं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी गॉडफ्रेकडे बघत हळूच म्हणालं, “प्रतीक, बाजूला सरक की, फळा दिसत नाही.” वर्गात हशा पिकला. मीही हसलो. माझं आडनाव रामटेके. आपल्याकडे काय कातडीवर नसतं आणि मग ते नेमकं कुठे असतं, हे त्या वर्गात मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी हसलो. हसणाऱ्यांत असलं की आपल्याला कुणी हसत नाही, हे गणित मला पहिलीपासून पाठ होतं.

त्या दिवशी तास संपल्यावर मी मुद्दाम त्याच्याबरोबर चालत बसस्टॉपपर्यंत गेलो. दोघांची बस एकच निघाली. मी येरवड्याला राहायचो आणि तो आमच्यापासून दहा मिनिटांवरच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. मैत्री अशी झाली. थोडी ओशाळून.

आमचं घर मूळ भंडाऱ्याकडचं. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली होती, वडील सरकारी कारकून होऊन बदलीवर पुण्यात आले ते इथलेच झाले. घरात मी, आई-वडील आणि अकरावीतली धाकटी बहीण सुजाता. गॉडफ्रे पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईने त्याला पाणी दिलं ते मागच्या फळीवरच्या एका जुन्या, पोचे पडलेल्या पेल्यातून. बाकीच्यांना रोजचे पेले. वडिलांनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःचा पेला गॉडफ्रेपुढे ठेवला आणि तो पोचे पडलेला उचलून स्वतः प्यायले. तो गेल्यावर आई कुरकुरली, “तसं नाही हो. ते लोक काय काय खातात म्हणतात.”

“आपल्याबद्दल म्हणायचे तेच ना हे?” वडील म्हणाले. पुढच्या खेपेपासून आई त्याला वांग्याची भाजी आग्रहाने वाढायला लागली, जरा जास्तच.

मार्चमध्ये ऊन चढलं तशी रस्त्यावरची माणसंही चढली. मी त्याच्याबरोबर चालायला लागलो तेव्हा मला ते कळलं, एरवी कधी कळलं नसतं. रिक्षावाले थांबायचे नाहीत. पानटपरीवरून हाका यायच्या, ज्या मी इथे लिहिणार नाही. एकदा चालत्या मोटरसायकलवरून एकाने त्याच्या अंगावर ताकाची अर्धी पिशवी फेकली. शर्टावरून ताक ओघळत होतं. मी ओरडलो, शिव्या दिल्या. त्याने रुमाल काढला आणि म्हणाला, “ओरडू नकोस. तू ओरडलास की ते परत येतात, आणि तेव्हा मी एकटा असतो.” त्याने हे सगळं मोजून ठेवलेलं होतं. कुठल्या गल्लीने जायचं, कुठल्या दुकानात किती वेळ थांबायचं, कुणाच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं.

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. त्याच्या सोसायटीत आदल्या संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही, म्हणून तो अभ्यासाला आमच्याकडे आला आणि आमच्याकडेच झोपला. सकाळी पोहे खाऊन आम्ही दोघं त्याच्या खोलीवर निघालो. कादंबरीवरच्या नोट्स तिथे राहिल्या होत्या. साडेदहा वाजले असतील. ऊन पांढरं पडलं होतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीस-चाळीस माणसं गोळा झाली होती. एका मोटरसायकलची पेट्रोलची नळी कापलेली, खाली ओला डाग, आणि तो वास. गेला महिनाभर तिथे पेट्रोल चोरीला जात होतं. रविवार असल्यामुळे सगळे घरात होते. कुणी बनियनवर, कुणाच्या हातात अजून चहाचा कप.

“आला बघा.”

हे कोण बोललं ते मला दिसलं नाही. पण सगळी डोकी एकदम वळली.

“ए, रात को किधर था?” मोटरसायकलचा मालक पुढे आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीच्या पट्ट्याचा पांढरा वण.

गॉडफ्रेने मान खाली घातली आणि मराठीत उत्तर दिलं, “मित्राकडे होतो, दादा.”

“मराठी बोलतो साला!” एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. मलाही हसू आलं, सुटल्यासारखं. वाटलं, संपलं. पण त्या हसण्यातूनच पहिली थप्पड निघाली. मालकाने मारली. ती फार जोरात नव्हती. जणू विचारून बघितलं, मारलं तर चालेल का. कुणी नको म्हणालं नाही. मग दुसऱ्याने मारली, आणि त्यानंतर कोण मारतंय ते वेगळं सांगता येईना.

मी याआधी मारामाऱ्या पाहिल्या होत्या. त्यांत दोन बाजू असतात. ही मारामारी नव्हती. माणसं रांग लावल्यासारखी पुढे येत होती, एक-दोन लाथा घालून मागे जात होती आणि मागे जाऊन पुन्हा बघत उभी राहत होती. एका माणसाने मारण्याआधी चहाचा कप जपून कठड्यावर ठेवला. कुणीतरी जिन्याखालून क्रिकेटचा स्टंप आणला. गॉडफ्रे खाली पडला होता आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं, त्यामुळे स्टंप बसत होता तो बोटांवर. तो आवाज. कोरडा, आखूड. मग त्याच्या तोंडातून येणारा आवाज, ज्यात कुठलीच भाषा नव्हती. मग भाषा आली.

“मिलिंद! सांग! सांग त्यांना!”

मराठीत म्हणाला. त्यांनाही कळावं म्हणून.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी, पन्नाशीचे, टापटीप, त्यांनी माझा दंड धरला. पकड घट्ट होती. “हा त्याच्याबरोबर आलाय. काय रे, नाव काय तुझं?”

“मिलिंद.”

“पूर्ण.”

मला सांगायचं होतं ते पाच शब्दांचं वाक्य होतं. तो रात्री आमच्या घरी होता. तोंडातून निघाला तो एक शब्द.

“कुलकर्णी.”

वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचं आडनाव. ते माझ्या जिभेवर कधीपासून ठेवलेलं होतं, कोण जाणे. मी विचार केला नाही. कुणी गाडीपुढून बाजूला उडी मारताना विचार करत नाही, तसं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं खरं आडनाव सांगितलं असतं तर मला मारलं असतं, असंही मला आज खात्रीने म्हणता येत नाही. कुणी धमकी दिली नव्हती. नाव फक्त विचारलं होतं.

दंडावरची पकड सुटली. सेक्रेटरींचा हात माझ्या खांद्यावर आला. “चांगल्या घरचा दिसतोस रे. कशाला फिरतोस असल्यांबरोबर? परीक्षा असेल ना आता?” मी मान हलवली. “घाबरू नकोस, तुला कुणी काही करणार नाही. उन्हात उभा राहू नकोस, इकडे ये.” त्यांनी मला जिन्याच्या सावलीत नेलं आणि वर हाक मारली, “अगं, पाणी आण जरा, या मुलाला घेरी येतेय.” स्टीलचा तांब्या आला, पेला आला. पाणी माठातलं होतं, थंड, वाळ्याचा वास असलेलं. मी प्यायलो. पेला संपेपर्यंत प्यायलो. पेल्याच्या कडेवरून मला गॉडफ्रेचा एक डोळा दिसत होता, दुसरा मिटला होता. तो माझ्याकडे बघत होता.

मार थांबला तो कुणाला दया आली म्हणून नाही. पाण्याचा टँकर आला म्हणून. फाटकातून हॉर्न वाजला, आत यायला जागा हवी होती. गर्दी फुटली, माणसं बादल्या आणायला जिन्यांवरून धावली. सेक्रेटरी रांग लावायला गेले. “एकेका घराला चारच, चारच!” असं ओरडत. दोघांनी गॉडफ्रेचे पाय धरून त्याला टँकरच्या वाटेतून बाजूला ओढलं, पोतं ओढावं तसं. तेव्हा मी पुढे झालो. त्याला उचलायला गेलो आणि माझे हात चिकट झाले. तिसऱ्या रिक्षावाल्याने घेतलं, तेही सीटवर आधी वर्तमानपत्र पसरून.

सरकारी दवाखान्यात कळलं, उजव्या हाताची तीन बोटं आणि मनगट मोडलंय, दोन बरगड्या. डोळा वाचेल. प्लास्टर करताना त्याला भूल कमी पडली. मी बाहेर बाकावर बसून ऐकलं.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. नावाचंही सांगितलं. मला वाटलं, मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारावं असं मला वाटत होतं. ते पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

“तुझ्या आजोबांना एकदा बाजारात असंच घेरलं होतं,” ते म्हणाले. “नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. पुढचे दोन दात गेले. दुसरं काही सांगितलं असतं तर दात राहिले असते.” मग उठले. आईला म्हणाले, “डबा भर. त्या पोराला दवाखान्यातलं जेवण गिळवणार नाही.” दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “तूही चल. तोंड दाखवायला लागेलच.”

आईने मऊ खिचडी केली होती. डाव्या हाताने त्याला चमचा धरता येईना. आईचा हात एकदा थबकला, मग तिने चमचा घेतला आणि त्याला भरवलं. तो रडायला लागला. मार खाताना जो रडला नव्हता तो खिचडी खाताना रडला. वडील खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “मी तिथे...”

“ऐकलं मी.”

“मला माफ कर.”

तो छताकडे बघत होता. “तुझ्याकडे दुसरं नाव होतं,” तो म्हणाला. “बरं झालं, निदान एकाकडे होतं. मी खाली पडल्या पडल्या शोधत होतो, माझ्याकडे असं दुसरं काय आहे. गोडबोलेसुद्धा आठवलं. सांगून बघावं का.” त्याचे खांदे हलले आणि बरगड्यांमुळे लगेच थांबले. मला त्याचा राग चालला असता. हा विनोद मला आजवर पचलेला नाही.

मी पोलीस चौकीत जबाब दिला. खऱ्या नावाने दिला. पाच शब्दांचं ते वाक्य तिथे म्हणालो, सविस्तर म्हणालो, वडिलांनीही म्हटलं, तो रात्री आमच्याकडे होता. हवालदाराने लिहिता लिहिता डोकं वर केलं. “तिथली माणसं तर म्हणतात, बरोबर कुलकर्णी नावाचा पोरगा होता.” ‘तो मीच’ हे मला तिथे, वडिलांच्या समोर, सही करून सांगावं लागलं. ओळख परेडमध्ये मोटरसायकलच्या मालकाला मी ओळखलं. स्टंपवाल्याला ओळखलं. सेक्रेटरींसमोर आलो तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. “अरे, मी तर तुला सावलीत नेलं,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडेही बोट दाखवलं.

खटला कित्येक वर्षं चालला. पेट्रोल चोरणारा दरम्यान भलताच कुणी सापडला होता, त्याच सोसायटीत राहणारा, त्याला समज देऊन सोडलं. साक्षीला मी उभा राहिलो तेव्हा नोकरीला लागलो होतो. त्यांच्या वकिलाने फार काही विचारलं नाही. काळा कोट सावरत, अतिशय अदबीने म्हणाला, “आपण त्या दिवशी घटनास्थळी आपलं नाव खोटं सांगितलंत. बरोबर?”

“हो.”

“म्हणजे भीती वाटली की आपण खोटं बोलता.”

“हो.”

“आज आपल्याला भीती वाटतेय का?”

वाटत होती. मी ‘नाही’ म्हणालो. तो हसला आणि खाली बसला. सगळे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. संशय माझ्यावरचा होता, फायदा त्यांचा झाला. गॉडफ्रेने तेव्हा हा देश सोडून बराच काळ लोटला होता. निकालाचं मी त्याला पत्राने कळवलं. उत्तर आलं, त्यात खटल्याचा उल्लेख नव्हता. तो मास्तर झाला होता. लिहिलं होतं, उजव्या हाताने फळ्यावर लिहिता येतं, अक्षर तेवढं लहान मुलासारखं येतं, त्यामुळे मुलांना फार आवडतं.

आज मी तीच कादंबरी शिकवतो. अभ्यासक्रम बदलला, पुन्हा बदलला, ती फिरून आली. फटक्यांचं ते अर्धं पान मी वर्गात मोठ्याने वाचू शकत नाही, मुलांनाच वाचायला लावतो. कुणी ना कुणी दरवर्षी उत्तरपत्रिकेत लिहितंच, ‘हा प्रश्न पाश्चात्त्य समाजाचा आहे.’ मी तिथे लाल पेन टेकवतो. बराच वेळ टेकवून ठेवतो. मग जे द्यायचे ते मार्क देतो, कारण एका वाक्यासाठी मुलाला नापास करून काय होतं, हे मला माहीत नाही.

पण त्या एप्रिलचं मला सांगायचं होतं ते हे नव्हे. गॉडफ्रे परीक्षेला बसला. सगळ्यांनी त्याला पुढच्या वर्षी दे म्हणून सांगितलं, सरांनीसुद्धा. सर दवाखान्यात येऊन गेले, मोसंबी घेऊन. बसले, दोनदा चष्मा पुसला आणि उठले. गॉडफ्रे म्हणाला, पुढच्या वर्षी मी इथे राहू शकणार नाही. त्याच्याकडे तेवढं बळही नव्हतं आणि तेवढी फीही. हात प्लास्टरमध्ये, म्हणून लेखनिक हवा होता. नियम असा की लेखनिक खालच्या इयत्तेतला आणि दुसऱ्या विषयाचा पाहिजे. म्हणजे मी चालत नव्हतो. सुजाता चालत होती. अकरावी सायन्स, अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. आई आधी नको म्हणाली. “लोक काय म्हणतील, पोरीला त्याच्या शेजारी बसवलं तर?” सुजाता म्हणाली, “लोकांचं म्हणून झालंय ना आता सगळं,” आणि नवीन पेन काढलं.

कादंबरीच्या पेपरला त्या दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. माझा पेपर झाल्यावर मी व्हरांड्यात त्यांची वाट बघत उभा राहिलो. लेखनिकवाल्यांना जादा वेळ होता. गॉडफ्रे आधी बाहेर आला, थकलेला, आणि नळावर तोंड धुवायला गेला. सुजाता मागून आली. तिचे डोळे लाल होते.

“काय झालं?”

“वंशद्वेषावरचा प्रश्न सक्तीचा होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता हा काय सांगतोय. तर दादा, त्याने तुमच्या सरांच्या नोट्स सांगितल्या. जशाच्या तशा. लेखकाची अथांग करुणा, कमी शब्दांत मोठं भाष्य, सगळं. अवघड शब्दांची स्पेलिंगं सांगून. प्लास्टर टेबलावर ठेवलेलं, डोळा अजून सुजलेला, आणि सांगतोय काय तर लेखकाची करुणा. मी थांबले. म्हटलं, हे असं कसं लिहू? तर म्हणाला, लिही. मार्क यालाच आहेत.”

मी तिच्या हातातलं उघडं पेन घेऊन त्याला टोपण लावलं.

“शेवटी दोन मिनिटं उरली होती. तेव्हा म्हणाला, आणखी एक वाक्य लिही. मारणारा एकच होता आणि बघणारे चाळीस होते, आणि त्या चाळिसांबद्दल लेखकाने एक ओळही लिहिलेली नाही. मी लिहिलं. त्याने ते वाचलं, परत वाचलं. मग म्हणाला, काट.”

“मग?”

नळाशी गॉडफ्रे डाव्या हाताने डोक्यावर पाणी मारत होता. सुजाताने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काटलं,” ती म्हणाली. “पण एकच रेघ मारलीय. बारीक. वाचता येईल अशी.”